काठ कुठला, हे वहीत नव्हतं

माझा कागद आजवर कुणी फाडला नव्हता. बावीस वर्षं हिंगोलीत नकाशे काढते आहे. दुकानगाळे, मंगल कार्यालयं, दोन बुद्धविहारांची प्रवेशद्वारं, आणि "देवघर तेवढं ईशान्येला सरकवा, मॅडम" म्हणणाऱ्यांची असंख्य घरं. लोकांनी वाद घातले, न्हाणीघर चारदा हलवायला लावलं, पण कागदाला कुणी हात लावला नाही. तो मान माझ्या बाबांनी पटकावला. पक्षी बघायच्या मनोऱ्याचा नकाशा मी त्यांच्यापुढे पसरला, तर त्यांनी जिन्यावर पेन्सिलीनं अशी काट मारली की ट्रेसिंग पेपर टर्रकन फाटला.

"साडेसहा इंचाची पायरी? किल्ला चढायचाय का?"

"सगळ्या जगात एवढीच असते, बाबा."

"सगळ्या जगाला दिसतं."

मी पायरी साडेपाच इंचांची केली.

बाबांना काचबिंदू आहे. हा आजार कडेकडेनं नजर खात येतो आणि मधलं तेवढं बरेच दिवस ठेवतो. त्यामुळे बाबांना चहात पडलेली मुंगी दिसत होती आणि शेजारी उभी असलेली मी दिसत नव्हते. वर्तमानपत्राची सुरळी डोळ्याला लावून बघावं, तेवढंच जग उरलं होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "गुरुजी, गेलेली नजर परत येत नाही. आहे ती जपू. किती दिवस राहील, ते मी सांगू शकत नाही." परतीच्या बसमध्ये आखाडा बाळापूर आलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे या हिवाळ्यात बघून घ्यायला पाहिजे."

काय बघायचं, ते मला विचारावं लागलं नाही. शिरड शहापूरच्या बाजूला एक तलाव आहे. त्याच्या जवळच्या शाळेत बाबा गुरुजी होते आणि तीस वर्षं दर रविवारी सायकलवर टांग मारून ते त्या तलावावर जात. शेजारपाजारचे लोक रविवारी मटण आणायला जायचे, आमचे बाबा बदकं मोजायला. हिवाळ्यात तिथं पट्टकादंब येतात. राखाडी अंगाचे, गुबगुबीत, बदकापेक्षा मोठे पक्षी, हिमालय ओलांडून येतात म्हणे. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूनं काळे पट्टे असतात, त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. बाबांनी ते हजार वेळा मोजले असतील, पण नेहमी लांबून, जुन्या दुर्बिणीतून. जवळ गेलं की ते उडतात. "पट्टे मी पुस्तकात बघितलेत आणि दुर्बिणीत समजून घेतलेत," ते म्हणायचे. "एकदा डोळ्यांनी बघायचेत."

अडचण माझी होती. त्याच्या आदल्या वर्षी याच हौसेपायी ते तलावाच्या गाळात पडले होते. पायाखालची भेग दिसली नाही, मनगट मोडलं. प्लास्टर घालून आणलं त्या दिवशी मी त्यांना तलावाची बंदी केली. मुलीनं बापाला बंदी करायची म्हणजे काय होतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. दोन महिने ते माझ्याशी फक्त मीठ आणि औषध एवढ्याच विषयांवर बोलत होते.

अशात तो तलाव पक्ष्यांसाठी राखीव झाला आणि तिथं पर्यावरणपूरक निरीक्षण मनोरा बांधायचा असं वरून पत्र आलं. बाबा वर्षानुवर्षं अर्ज करत होते, त्यामुळे वन खात्याचे साहेब पहिल्यांदा आमच्याच घरी आले. मी त्या दोघांसमोर बोलून बसले, "नकाशा मी काढून देते, फुकट." साहेब खूश झाले. ते गेल्यावर मी बाबांना अट घातली. मनोरा मी उभा करते, तुम्ही त्यावर बसून हवं ते बघा, पण पुन्हा चिखलात उतरायचं नाही. बाबांनी मान हलवली. मला वाटलं, प्रश्न सुटला. आज त्या क्षणाची आठवण आली की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

साहेबांच्या मनातला मनोरा त्यांच्या मोबाइलमध्ये होता. सिमेंटचं झाड. सिमेंटचं खोड, त्याला खरवडून काढलेली सिमेंटची साल, वर तपकिरी रंग, आणि फांदीच्या जागी लोखंडी गच्ची. "नैसर्गिक वाटतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, आजूबाजूला खऱ्या बाभळी आहेत." ते म्हणाले, "पण त्यांना वाळवी लागते ना." माणूस वाईट नव्हता, उलट फार गोड बोलायचा, आणि त्यामुळे त्याच्यावर चिडताही येत नव्हतं. चार बैठका झाल्यावर सिमेंटचं झाड गेलं. बांबू आला.

मनोरा चांगला काढला होता मी, हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. औषधात मुरवलेला बांबू, खाली काळ्या दगडाचे बसवलेले पाये, सिमेंटचा खडासुद्धा नाही. सांधे नटबोल्टचे, म्हणजे उद्या काढून नेला तर जमिनीवर खूण राहू नये. वर गवताचं छप्पर. जिन्याला हाताच्या मुठीत भरेल एवढा जाड काथ्याचा दोर, आणि दर पायरीला त्याला एक गाठ, म्हणजे नजर नसली तरी हाताला पायरी कळावी. ही गाठींची कल्पना मला अंघोळ करताना सुचली आणि मी ओल्या केसांनी बाबांना सांगायला धावले. ते म्हणाले, "गाठ डाव्या हाताला पाहिजे. उजव्या हातात माझी काठी असते."

असं रोज चालायचं. छप्पर चमकता कामा नये. पायरी कुरकुरता कामा नये. बघायची फट उभ्या माणसाच्या उंचीवर कशाला, पक्षी बघणारा माणूस बसतो. बाक भिंतीपासून किती, गुडघे आपटतील. तोंड पश्चिमेलाच पाहिजे, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर येईल आणि पक्षी उजळ दिसतील. तोंड पश्चिमेला म्हणजे मनोरा पूर्वेच्या काठावर. "पूर्वेचाच काठ," बाबा म्हणाले, "सगळे पक्षी तिकडंच असतात. वह्यांत आहे." दर रविवारच्या मोजणीच्या त्या वह्या सत्तावीस होत्या. मी एकही उघडून बघितली नाही. बाप खोटं कशाला लिहील?

भाद्रपदात आम्ही जागा आखायला गेलो. तलाव काठोकाठ भरला होता. पूर्वेला पाणी जिथं संपतं तिथं भरल्या तलावाच्या हद्दीचे दगड रोवलेले आहेत. बांधकाम त्या दगडांच्या बाहेर पाहिजे, असा नियम. मी दगडाला टेप लावला, पाच पावलं बाहेर आले आणि चुना टाकला. लाटा अगदी पायापाशी येत होत्या. इतकी सोपी जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती.

जवळच्या तांड्यावरची एक बाई म्हशी घेऊन तिथं आली. साठीच्या आसपासची, उन्हानं रापलेली, डोक्यावरून पदर आणि पायात टायरच्या चपला. तिनं आधी चुन्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"इथं काय करून राहिले, बाई?"

"मनोरा, मावशी. पक्षी बघायला."

"इथं काहून?"

मी नकाशा दाखवला, दगड दाखवले, नियम सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाणी थोडंच इथं थांबून राहतं?"

मला ऊन लागत होतं, मजूर खोळंबले होते, आणि साहेबांचा तिसरा फोन येऊन गेला होता. मी म्हणाले, "मावशी, नकाशात जे बसतं ते करावं लागतं." ती म्हणाली, "बराबर हाय," आणि म्हशी हाकत निघून गेली. बाबा तिथंच हद्दीच्या दगडावर बसले होते. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि तेही काही बोलले नाहीत.

नोव्हेंबरच्या शेवटी मनोरा उभा राहिला. उद्घाटन झालं. मंडप, फेटे, सत्कार, आणि असा भोंगा की तलावावरचं शेवटचं पाखरूसुद्धा उडून गेलं. पायथ्याशी दगडाची कोनशिला बसवली, तेवढं सिमेंट मात्र साहेबांनी वापरलंच. पाणी तोवर जरा मागं हटलं होतं, पण त्या गडबडीत मला ते सुंदर वाटलं. ओल्या काठावर ऊन चमकत होतं. मी फोटो काढला.

बाबांना लगेच जाता आलं नाही. डिसेंबरात त्यांच्या डोळ्यातला दाब कमी करायची छोटी शस्त्रक्रिया झाली. महिनाभर धूळ नको, वारा नको. ते अंगणात काळा चष्मा लावून बसत आणि मला रोज विचारत, "आले असतील ना गं?" मी म्हणायची, "आले असतील. मनोरा कुठं पळून जात नाही." आणि खरंच, तो पळाला नाही.

जानेवारीत एका सकाळी आम्ही गेलो. बाबा डाव्या हातानं गाठी मोजत चढले. एकही पायरी कुरकुरली नाही. बाकावर बसले, गुडघे कुठं आपटले नाहीत, पाठीवर ऊन आलं. फटीतून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "पाणी कुठंय?"

मी बघितलं. समोर हरभरा होता. त्याच्या पुढं गहू. त्याच्या पुढं पुन्हा हरभरा, कुणीतरी टरबुजासाठी काढलेली आळी, आणि या सगळ्याच्या पार पलीकडे, अर्धा-पाऊण किलोमीटरवर, पाण्याची एक पांढरी रेघ. त्या रेघेवर काळे ठिपके होते. दुर्बिणीतून बघितले तर पट्टकादंब. दुर्बीण बाबांच्या काय कामाची? त्यांच्या एवढ्याशा नजरेत आधी दुर्बीण सापडायची, मग दुर्बिणीत पक्षी, तोवर पक्षी दुसरीकडं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ तळपायाची आग मस्तकात गेली. गाळपेर! तलावाचं पाणी उतरत जातं तसतशी आतली जमीन उघडी पडते आणि लोक त्या ओल्या गाळात पेरतात. ज्यांची शेतं तलावात गेली त्यांना तो हक्क आधी मिळतो. पूर्वेचा उतार सगळ्यात सपाट, म्हणून पाणी तिकडंच सगळ्यात लांब पळतं. हे मला माहीत नव्हतं का? मी या जिल्ह्यात जन्मले. गाळपेरीचा हरभरा खाऊन वाढले. तरी भरलेल्या तलावाच्या दगडाला टेप लावून मोकळी झाले.

"मनोरा छान झालाय," बाबा म्हणाले. "वारा येतो."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. माझी चूक काढली असती, कागद फाडला असता तरी चाललं असतं. त्यांनी वाऱ्याचं कौतुक केलं आणि मला तिथून उडी मारावीशी वाटली.

घरी आल्यावर मी सत्तावीसच्या सत्तावीस वह्या काढून बसले. कुणावर तरी खापर फोडायचं होतं, आणि वह्यांनी निराश केलं नाही. तारीख, वेळ, वारा, पक्षी, संख्या, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. आणि जागा? काठावर. ऑक्टोबरात काठावर, जानेवारीत काठावर, मार्चमध्ये काठावर. पूर्व काठ, पूर्व काठ, पूर्व काठ.

"बाबा, कुठला काठ? ऑक्टोबरचा की मार्चचा? दोघांत एक अख्खं गाव बसेल! तीस वर्षांत एकदाही कुठं ते लिहावंसं वाटलं नाही?"

बाबांनी वही हातात घेतली आणि एकेक ओळ डोळ्याखालून सरकवत नेली. एक पान वाचलं, दुसरं वाचलं.

"मी पाण्याबरोबर चालायचो गं," ते म्हणाले. "पाणी जिथं, तिथं मी. काठ बदलतोय असं मला कधी वाटलंच नाही."

मग त्यांनी वही मिटली. मी फार ओरडले होते, हे मला तेव्हा कळलं. पण माफी मागायचा माझा स्वभाव नाही. मी चहा केला.

दुसऱ्या दिवशी साहेबांना गाठलं. म्हटलं, मनोरा नटबोल्टचा आहे, चार माणसं दोन दिवसांत सोडवून पुढं नेतील, पावसाळ्याआधी परत आणतील. ते नेहमीसारखं गोड हसले. "मॅडम, जागचं हलतं त्याला बांधकाम कसं म्हणायचं?" आणि थोडं थांबून, "शिवाय कोनशिला आहे ना तिथं." वर म्हणाले, प्रतिसाद तर उत्तम आहे. आणि तो होताही. सेनगावपर्यंतची लग्न ठरलेली जोडपी तिथं फोटो काढायला येत होती. माझ्या काथ्याच्या दोराला नवरी टेकून उभी राहायची, आणि नवरदेव हरभऱ्याकडं असा बघायचा की जणू समुद्र आहे.

मी रागारागानं एकटीच तलावावर गेले, कोनशिलेकडं नुसतं बघायला. समोर हरभऱ्यात कुणीतरी उंचावर बसलेलं दिसलं. चालत गेले. वाटेत दोनदा पाय भेगेत अडकला आणि प्रत्येक वेळी बाबांचं मनगट आठवलं. पाण्याच्या अलीकडे, हरभऱ्याच्या शेवटच्या सऱ्यांत, बाभळीच्या चार बेचक्या रोवलेल्या होत्या, त्यावर घरातली बाज बांधलेली, आणि बाजेवर तीच तांड्यावरची बाई. मांडीवर गोफण.

"या बाई. सापडलं का पाणी?"

मी कपाळावर हात मारला. ती हसली नाही, एवढाच तिचा मोठेपणा. तिनं सांगितलं ते असं. पट्टकादंब दिवसा पाण्यावर बसतात, पण उजाडताना हरभरा खायला शेतात उतरतात. कोवळा पाला कुरतडून सऱ्याच्या सऱ्या साफ करतात. म्हणून राखणीला ही बाज. पाणी जसं मागं जातं तशी ती पेरणी पुढं नेते, आणि जशी पेरणी पुढं जाते तशी बाजही. पंधरा-वीस दिवसांनी बेचक्या उपटायच्या, बाज डोक्यावर घ्यायची, पुढं जाऊन रोवायची. पावसाळ्यात बाज घरी, त्यावर नातू झोपतात. मी पर्यावरणपूरक या शब्दावर चार बैठका खर्ची घातल्या होत्या, आणि इथं ही बाई पाय हलवत बसली होती.

"किती जवळ उतरतात ते?" मी विचारलं.

तिनं बोट दाखवलं. आमच्या अंगणाच्या रुंदीएवढं अंतर असेल.

मी तिला बाबांच्या डोळ्यांचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तिच्या थोरल्या मुलाला बाबांनी शिकवलं होतं आणि एकदा चांगलं बदडलंही होतं, ते तिनं आधी ऐकवलं. मग म्हणाली, "आणा गुरुजीला. पण येकच दिस. त्या दिशी मी गोफण खाली ठिवते. दुसऱ्या दिशी ठिवणार न्हाई, गुरुजी असू द्या न्हाईतर कलेक्टर. माझा बी माल हाय हा."

घरी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी भलताच प्रश्न विचारला. "चिखलात उतरायचं नाही, अशी अट होती ना?" इतक्या शांतपणे विचारलं की मला हसू फुटलं आणि रडूही. "अट मी घातली होती," मी म्हणाले, "आणि मीच मोडते. आता जास्त बोलू नका."

फटफटायच्या सुमारास आम्ही माझ्या मनोऱ्यापाशी गाडी लावली. बाबांच्या डोक्यावर माकडटोपी, गळ्यात ती निरुपयोगी दुर्बीण. मावशी वाट बघत होती. तिनं तिच्या काठीचं एक टोक बाबांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि सरीतून चालायला लागली. मागून मी, दोन्ही हात पसरून, लेकरू पहिल्यांदा चालतं तेव्हा आई चालते तशी. "भेग हाय गुरुजी, डावा पाय लांब टाका." बाबा टाकायचे. मी साडेपाच इंचाची पायरी सांगितली असती तर वाद घातला असता. ती म्हणेल तिथं पाय टाकत हा माणूस पाऊण किलोमीटर चालला, आणि बाजेच्या शिडीला दोन वाशांवर हातभर अंतरानं ठोकलेल्या फांद्या होत्या, त्यावरही चकार शब्द न काढता चढला. खरं सांगते, मला राग आला.

तिघं बाजेवर दाटीवाटीनं बसलो. थंडी अशी की दात वाजत होते. मावशीनं गोफण गुंडाळून मांडीखाली ठेवली. मग पाण्याकडून आवाज आला, नाकातल्या नाकात बोलल्यासारखा, आणि ते आले. आधी डोक्यावरून गेले, वळले, आणि थपथप करत हरभऱ्यात उतरले. तीसेक असतील. उतरल्या उतरल्या माना खाली घालून चरायला लागले, पंगतीला बसावं तसे.

"आले," मी कुजबुजले.

बाबा बांधाकडं बघत होते.

"उजवीकडं, बाबा. अजून. खाली. फार झालं, थोडं परत या. अहो, परत!"

त्यांचं डोकं इकडून तिकडं फिरत होतं आणि पक्ष्यांच्या वरून, बाजूनं, मधल्या मोकळ्या जागेवरून जात होतं. अंगणाएवढ्या अंतरावर तीस पट्टकादंब, आणि माझ्या बापाला एक सापडेना. शेवटी मी त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं. माकडटोपीखाली कान थंडगार लागत होते. जमीन मोजताना यंत्र खुणेवर लावतात तसं मी ते डोकं हळूहळू फिरवत नेलं, केसभर डावीकडं, केसभर खाली, जवळच्या एका मोठ्या पक्ष्यावर.

"थांब," बाबा म्हणाले.

मी थांबले.

"दोन आहेत."

"दोन कसले, तीस आहेत, बाबा."

"पट्टे. पट्टे दोन आहेत. वरचा एका डोळ्यापासून मागून दुसऱ्या डोळ्यापर्यंत जातो. खालचा आखूड आहे, मानेवर." मग म्हणाले, "डोळा तपकिरी आहे. ते पुस्तकात नीट कळत नाही."

माझे दंड भरून आले, बाजेची दोरी गुडघ्यात रुतत होती, पण मी हात काढले नाहीत. तो पक्षी दोन पावलं सरकला की मी बाबांचं डोकं दोन पावलं सरकवायची. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. इतका आनंद मला माझ्या कुठल्याच इमारतीनं दिला नाही, आणि हे कबूल करायला मला आजही जड जातं.

मावशीची चुळबुळ सुरू झाली. "गुरुजी, लई खाऊन राहिले."

"अजून जरा."

"तिसरी सरी लागली."

पक्षी चौथ्या सरीला लागले तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, पण या वेळी हळू आवाजात. "झालं का, गुरुजी?"

बाबांनी अजून एकदा, बराच वेळ बघितलं. मग माझे हात आपल्या कानांवरून स्वतःच खाली काढले.

"झालं. मार आता. तुझा हरभरा आहे."

मावशी उठली, गोफण डोक्यावर गरगरली, दगड पक्ष्यांच्या पलीकडे पडला आणि सगळा थवा ओरडत उठला. बाबांनी मान वर केली नाही. रिकाम्या झालेल्या सरीकडंच ते बघत राहिले.

"लिही," ते म्हणाले.

मी वही काढली. तारीख, वेळ, वारा, पट्टकादंब, संख्या. पुढं सवयीनं ते सांगायला लागले, "काठा..." आणि थांबले.

"मावशी," मी विचारलं, "या जागेला काय म्हणतात?"

ती खाली उतरून कुरतडलेल्या सऱ्या बघत होती, जरा घुश्शातच. "काय म्हणतात म्हंजे? माझं वावर हाय हे. आंब्याचं वावर. तळं व्हायच्या आधी आंबा व्हता इथं."

मी लिहिलं. बाबांनी वही मागून घेतली, डोळ्याखालून अक्षर अक्षर सरकवत ती ओळ वाचली आणि परत दिली. उतरताना मावशीनं काठीचं टोक पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

या हिवाळ्यात वही मी लिहिते. बाबांच्या डोळ्यांत आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच उरलं आहे, आणि तलावावर चला म्हटलं तर येत नाहीत. मी परत येते तेव्हा ते अंगणात बसलेले असतात, आणि मी चपला काढायच्या आधीच विचारायला लागतात. किती होते, कधी आले, वारा कुठला, हे नंतर. आधी विचारतात, "कुठं?"